दारवाल्याचा दोस्त

"मार्लोला असं नसतंय."

एवढं वाक्य कानावर आलं की तीन हत्ती चौकातून कालव्याकडं वळणारा शहाणा माणूस काहीतरी विसरल्यासारखं करतो आणि सरळ निघून जातो. मी शहाणा नाही. शिवाय तात्याच्या हॉटेलात माझी उधारी असते, त्यामुळं मला वळावंच लागतं. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी, एक स्टोव्ह आणि समोर नीरा डावा कालवा. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला आण्णा तिथं येतात, बाकड्याच्या कालव्याकडच्या टोकाला बसतात, पाण्याची पातळी बघून घेतात आणि मग बोलायला लागतात. आण्णांचं मार्लो सुरू झालं की आम्ही मेलो.

परदेश बघून आलेली माणसं बारामतीला नवीन नाहीत. आता प्रत्येक आळीतलं एखादं पोरगं बाहेर असतं आणि त्याच्यामागं नातवंडं सांभाळायला सहा महिने जाऊन आलेले आईबाप असतात. ते परतले की पंधरा दिवस तिथल्या रस्त्यांबद्दल बोलतात, महिनाभर भाजीच्या भावाबद्दल बोलतात आणि मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनाशी येऊन मूळ पदावर येतात. आण्णा मूळ पदावर आलेच नाहीत. ते २०२३च्या मे महिन्यात लेकीकडं गेले, दिवाळीच्या आधी परत आले, आणि त्यांच्यातला जो भाग तिकडं राहिला तो अजून कस्टममध्येच अडकलाय.

बरं, लंडन नाही, मँचेस्टर नाही. मार्लो. थेम्सच्या काठावरचं, आपल्या इंदापुराएवढंही नसेल असं गाव. लंडनबद्दल आण्णांचं मत फारसं चांगलं नाही. लेकीनं त्यांना गणपतीत तिथल्या महाराष्ट्र मंडळात नेलं होतं. १९३२ सालापासूनचं मंडळ, आरती झाली, मोदक झाले. आण्णा म्हणाले, "बरं हाय, पण सगळी पुण्याची."

आण्णा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं मोटारसायकलवरून कालव्याच्या कडेकडेनं फिरले. चाऱ्या, पोटचाऱ्या, गेज, गळती, पाणीचोरी, यापलीकडं जग आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि इंग्लंडला जाऊनही वाटलं नाही. माणूस ताजमहाल बघायला गेला तर संगमरवर बघतो. आण्णा गेले तर यमुनेचा विसर्ग बघतील.

"मास्तर, ह्यो पाट कुणी काढला?" ते मला विचारतात. उत्तर मला पाठ आहे, पण द्यायचं नसतं. "इंग्रजानं. १८८५ साली पाणी सोडलं. वर भाटघरला धरण बांधलं, त्येला व्हाइटिंग साहेबाचं नाव दिलं. आता येसाजी कंक जलाशय म्हंतात, पण जुन्या कागदावर लेक व्हाइटिंगच हाय. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली ती ह्याच पाटावर. म्हंजे साहेब हितं यिऊन आपला पाट काढून गेला, आन् मी तिकडं जाऊन त्येची नदी तपासून आलो. फिट्टंफाट."

तपासणीचा अहवाल असा : थेम्स ही नदी नव्हेच. तो पायऱ्यापायऱ्यांचा पाट आहे. समुद्राची भरती जिथपर्यंत चढते तिथून वर चव्वेचाळीस ठिकाणी दारं बसवून पाणी अडवलंय. बोट आली की एक दार उघडायचं, बोट खोलीत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं नाहीतर सोडायचं, दुसरं दार उघडायचं. ह्याला ते लॉक म्हणतात. मार्लोच्या लॉकवर आण्णा पहिल्या दिवशी चार तास उभे होते. नातू रडून रडून झोपला. दाराच्या फटीतून थोडी गळती होती, ती आण्णांनी तर्जनीनं दाखवली, आणि दारावरच्या माणसानं मान डोलावली तेव्हा आण्णांना परक्या मुलखात पहिल्यांदा आपला माणूस भेटला.

काळीज मात्र तुटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. "दोन्ही काठाला एक मोटार न्हाई, मास्तर! एक पायपलाईन न्हाई, एक स्टार्टर न्हाई. पाणी भरल्या घागरीवानी चाललंय, आन् काठावरची माणसं बदकास्नी पाव घालत्यात." भीमेच्या काठावर मोटारींची रांग बघत वाढलेल्या माणसाला हे म्हणजे उघड्या तिजोरीशेजारी लोक पत्ते खेळत बसल्यासारखं वाटलं. लंडन हेच पाणी पितं, हे जावयानं समजावून सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं. पण पिण्याचं पाणी ते पाणी नव्हे. उसाला गेलं ते पाणी.

मार्लोचा पूलही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. १८३२ सालचा, लोखंडी साखळ्यांवर टांगलेला, पांढरा, देखणा. तो बांधणाऱ्या टिअर्नी क्लार्कनं पुढं बुडापेस्टचा मोठा पूलही केला. पण आण्णा सांगतात ती गोष्ट २०१६ची. तीन टनांची मर्यादा असलेल्या ह्या पुलावर एक सदतीस टनांचा ट्रक चढला आणि गेला पार. पूल पडला नाही, तरी दोन महिने बंद ठेवून त्याचा सांधान्‌सांधा तपासला. "सदतीस टन!" आण्णा म्हणतात. "भवानीनगरला ऊस घिऊन जाणाऱ्या डबल ट्रॉलीवाल्याला सांगितलं तर हसंल. आन् टेप लावून हसंल." मेडनहेडहून मार्लोला जी लहानशी गाडी येते तिला तिथले लोक 'मार्लो डाँकी' म्हणजे गाढव म्हणतात, आणि त्याच नावाचा एक पब स्टेशनाजवळ आहे. दौंड-बारामती गाडीत आयुष्य काढलेल्या आण्णांना ह्यात काहीच विनोदी वाटलं नाही. "आमी तर लई वाईट नावं ठिवली व्हती," एवढंच म्हणाले.

आता पबकडं यायला हवं, कारण आण्णा शेवटी तिथंच येतात.

आण्णा माळकरी. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, त्या वाटेवर कित्येक वर्षं चाललेले. दारूच्या दुकानाची पाटी दिसली तरी पलीकडच्या फुटपाथला जाणारे. आपल्याकडं पिण्याची जागा म्हणजे परमिट रूम. १९४९च्या दारूबंदी कायद्यात पिण्याला परवाना लागतो, त्यावरून पडलेलं हे नाव. आत अंधार, दाराला पडदा, आणि बाहेर येणारा माणूस आधी डोकं काढून चुलता दिसतोय का बघणार. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढणारा हा सगळा मुलूख, पण प्यायला बसला की लपून.

त्यामुळं लेक म्हणाली, "आण्णा, पबमध्ये बसूया," तेव्हा आण्णांनी माळेवर हात ठेवला. लेक म्हणाली, "अहो, आत बघा तरी." आण्णांनी काचेतून बघितलं. एक म्हातारी विणत बसलेली. एक बाई पोराला वरण भरवावं तसं सूप भरवत होती. टेबलाखाली कुत्रं झोपलेलं आणि त्याच्यापुढं त्याची स्वतःची पाण्याची वाटी. "म्हंजे पारच की," आण्णा म्हणाले, आणि आत गेले.

दारावर टांगलेली चित्राची पाटी त्यांना फार आवडली. रिचर्ड दुसरा म्हणून राजा होता, त्यानं १३९३ साली हुकूम काढला की दारू विकणाऱ्यानं बाहेर खूण टांगलीच पाहिजे. माणसं निरक्षर, पण चित्र ओळखायची. कुठं तांबडा सिंह, कुठं हंस, कुठं नांगर. "म्हंजे चिन्हच," आण्णा म्हणाले. "नाव वाचता येत नसंल तर चिन्ह बघून आत शिरायचं. आपल्याकडं त्येचं पुढं काय झालं ते तुमी बघताच." हे ते बारामतीत बसून म्हणतात, आणि मग इकडं तिकडं बघून विषय बदलतात.

त्या दिवशी लेकीनं त्यांना जिंजर बिअर दिली. जिंजर बिअर म्हणजे आल्याचं, साखरेचं, सोड्याचं पाणी. लेकीनं बाटलीवरची अक्षरं वाचून खात्री केली होती. आण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. लेकीनं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हातात उंच ग्लास, ग्लासात सोनेरी काहीतरी आणि वर फेस. खाली जावयानं कौतुकानं लिहिलं, 'आण्णा जिंजर बिअर घेताना.'

जिंजर कुणी वाचलं नाही.

फोटो बारामतीतून निमगाव केतकीला, तिथून इंदापूरला, आणि संध्याकाळपर्यंत पंढरपूरच्या एका फडापर्यंत पोचला. विहीणबाईंचा फोन आला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त "असू द्या, म्हातारपण आहे" म्हणाल्या, हे जास्त वाईट. भजनी मंडळानं तातडीनं बैठक घेऊन आण्णांच्या नावावरचे टाळ तूर्त दुसऱ्याकडं दिले. शेवटी काकूंनी मध्ये पडून ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला : "कुणी काही बोलू नका ह्यांना. मी शेजारीच बसले होते. मी पण प्यायले."

त्यानं प्रकरण मिटलं असं म्हणता येत नाही.

परत आल्यावर आण्णांनी मंडळापुढं प्रात्यक्षिक केलं. आलं ठेचलं, गूळ विरघळवला, लिंबू पिळलं, वरून सोडा ओतला. मंडळानं एकेक घोट घेतला. अध्यक्षांनी दुसरा मागितला. टाळ परत मिळाले. हल्ली गुरुवारी भजन संपलं की कुणीतरी हळूच विचारतं, "आण्णा, ते तिकडचं आहे का?"

पबमधल्या ज्या चालीरीती आण्णांनी आत्मसात केल्या त्यांत पहिली म्हणजे राऊंड. चौघे मित्र बसले की एकानं चौघांचं आणायचं. संपलं की दुसऱ्यानं. कुणी हिशेब मांडत नाही, पण कुणाची पाळी आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि जो आपल्या पाळीला बाथरूमला जातो त्याची गावभर नाचक्की. आण्णांना हे क्षणात कळलं. छत्तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय? "आवर्तन!" ते ओरडले म्हणे. "हे आपलं पाळीपत्रक हाय!" आणि सगळ्यांच्या आधी उठून चौघांचं घेऊन आले, त्यांपैकी तिघांना ते त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होते.

ग्लासचंही तसंच. तिथं पिंट म्हणजे पाचशे अडुसष्ट मिलिलिटर, आणि मापाच्या ग्लासावर सरकारमान्य शिक्का. कमी भरलं असं वाटलं तर गिऱ्हाईक ग्लास पुढं करतं आणि बारवाला मुकाट्यानं वर आणखी ओततो. आण्णा हे सांगताना हळवे होतात. चारीच्या तोंडाशी गेजपट्टी रोवून, रात्री बॅटरी मारून आकडा वाचून, सकाळी बागायतदाराकडून 'पाणी कमी आलं' म्हणून शिव्या खाल्लेला माणूस तो. मापात मिळालं की भांडण मिटतं, ह्यावर त्यांची आयुष्यभर श्रद्धा. ती सिद्ध झालेली त्यांना परदेशातल्या एका दारूच्या ग्लासात दिसली, आणि त्यातलं ते पिऊही शकत नव्हते.

आल्याआल्या त्यांनी तात्याच्या हॉटेलात आवर्तन सुरू केलं. आम्ही सहाजण. रोज एकानं सगळ्यांचे हाफ सांगायचे. आण्णांनी पाळीपत्रक आखून तात्याच्या पत्र्याला चिकटवलं; वर 'नमुना नं. ७' असंसुद्धा लिहिलं, कारण पाण्याचा मागणी अर्ज ह्याच नमुन्यात असतो आणि मागणीशिवाय पाणी सोडणं बेकायदेशीर. सोमवारी आण्णांची पाळी, झकास झाली. मंगळवारी गूळवाल्या शेठजींची. त्या दिवशी गुळाचे भाव पडले आणि ते आले नाहीत. बुधवारी पेन्शनर कंडक्टर आले, पण त्यांनी स्वतःचा चहा बाहेरूनच पिऊन आणला. गुरुवारी माझी होती. माझ्याबद्दल मी काय लिहू? शुक्रवारी तात्यानं विचारलं, "आण्णा, ह्या सगळ्यांचं कुणाच्या नावावर लिहू?" आण्णांनी पत्रक बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि कालव्यावर हजारदा बोललेलं वाक्य बोलले : "टेलला पाणी पोचत न्हाई ते उगाच न्हाई."

मग घंटा. तिकडं बंद व्हायच्या आधी बारवाला घंटा वाजवतो, म्हणजे शेवटचं काय ते मागून घ्या. आण्णांनी घरून देवाची घंटा आणली. साडेसातला वाजवली. समोरून जाणाऱ्या दोन बायकांनी चप्पल काढून हात जोडले. तात्यानं घंटा परत दिली.

आण्णांच्या ह्या सगळ्या कथांमध्ये एक माणूस येतो. दारवाला. हा मार्लोचा, थेम्सवर लॉककीपर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला. पहिल्या दिवशी गळतीवर मान डोलावणारा तो ह्याच्या हाताखाली शिकलेला. त्यानंच पबमध्ये ओळख करून दिली. नाव आण्णांच्या जिभेवर बसेना, आणि दारं उघडायची आणि लावायची ह्यापलीकडं त्यानं आयुष्यात काही केलेलं नव्हतं, म्हणून दारवाला. पण आण्णा घाईत बोलतात. "माझा तिकडचा दोस्त, दारवाला" हे आमच्याकडं सगळ्यांना एकाच प्रकारे ऐकू येतं. काकूंच्या भावानं तर एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "भावजी, दोस्ती असावी, पण धंद्याच्या माणसाशी जरा बेतानं."

दोघं बोलत कसं असतील हा मला पडलेला प्रश्न. आण्णांचं इंग्रजी खात्याचं. डिस्चार्ज, गेज, लीकेज, सिल्ट, एस्केप, टेल, सस्पेंड. एवढे शब्द. क्रियापद नाही. पण दारवाल्याचंही जग तेवढंच होतं. लेक सांगते, दोघं खिडकीशी बसायचे, एक जण "सिल्ट" म्हणायचा, दुसरा "आह, सिल्ट!" म्हणायचा, आणि दोघंही पाच मिनिटं गप्प बसायचे.

त्या वर्षीच्या जुलैत तिकडं अतोनात पाऊस झाला. रोज. दारवाला खिडकीबाहेर बघून वैतागायचा. आण्णा खिडकीबाहेर बघून घड्याळ बघायचे, कारण इकडं सकाळी सहाला उजनीचा आकडा ग्रुपवर पडतो. इकडं मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. पुढचा ऑगस्ट तर देशात शंभर वर्षांहून जास्त काळात पडला नव्हता एवढा कोरडा. "मी बसलोय काचंच्या आत," आण्णा सांगतात, "समोर टेम्सवर धो धो पडतोय. भरलेल्या नदीवर पडतोय. ह्यांनी कुणी मागितला व्हता का? एकानं तरी अर्ज दिला व्हता का? आन् मोबाईलमदी उजनी उणे."

उणे म्हटल्यावर दारवाल्याची गाडी अडली. बँकेत पैसे उणे होतात हे त्याला माहीत होतं. पाणी उणे कसं होतं? आण्णांनी टेबलावरची ग्लासाखाली ठेवायची पुठ्ठ्याची चकती घेतली, उलटी केली, आणि पेननं धरण काढलं. एकूण पाणी ११७ टीएमसी. त्यातलं खालचं ६३ मृतसाठा. ते धरायचं नाही. त्याच्यावर शून्य. शून्याच्या वर भरलं तर अधिक, मृतसाठ्यात हात घातला तर उणे. आणि भरभरून भरलं की शंभराच्याही वर, एकशे दहापर्यंत. दारवाला बराच वेळ चकतीकडं बघत होता म्हणे. मग त्यानं उठून दोघांचं आणलं. पाळी त्याची नव्हती.

हे सगळं आम्ही ऐकलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळून ऐकलेलं. मग २०२४च्या जानेवारीत आण्णांना पाकीट आलं. उजनी आदल्या पावसाळ्यात साठ टक्क्यांच्या आसपासच थांबली होती आणि जानेवारीतच उण्यात गेली होती. पाकिटात नाताळचं कार्ड, त्यावर बर्फातला मार्लोचा पूल, आणि एक पुठ्ठ्याची चकती. कार्ड मी वाचून दाखवलं. इकडे पाऊस फारच आहे, हवा असल्यास घेऊन जा, असं पहिलं वाक्य. तुझी खुर्ची कुत्र्यानं घेतली आहे, असं दुसरं. आणि चकतीवर तेच धरण काढून पाण्याची रेघ तेवढी सोडलेली : भरून पाठव.

चकतीवर अगदी तळाशी, मृतसाठ्याच्या आत, एक लहानसा त्रिकोण होता.

"हे काय, आण्णा?"

"ते व्हय? देऊळ."

"कसलं देऊळ?"

"पळसनाथाचं. जुन्या पळसदेवचं." आण्णांनी कालव्याकडं बघितलं. "त्येला सांगितलं व्हतं कधीतरी."

आण्णा इंदापूर तालुक्यातले, धरणग्रस्त, एवढं मला ठाऊक होतं. जुनं पळसदेव भीमेच्या काठी होतं आणि १९८०च्या सुमाराला उजनी पुरी झाली तसं ते पाण्याखाली गेलं, हेही ठाऊक होतं. पण वीस वर्षं रोज ह्या बाकड्यावर बसून ह्या माणसानं त्या गावाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. त्या रात्री मी त्यांच्या लेकीला फोन केला. ती हसायलाच लागली. "काका, इकडं सहा महिने त्यांनी दुसरं काही सांगितलंच नाही. भीमेचा घाट, पार, पाराजवळचं हॉटेल, तिथला म्हैशीच्या दुधाचा चहा. सगळ्या पबला पाठ झालंय. मार्लोबद्दल? मार्लोबद्दल ते इथं कधीच बोलले नाहीत. नाकच मुरडायचे."

चकती आण्णांनी पाठवली नाही. उणे आकडा परमुलखात पाठवणं त्यांना बरं दिसेना. शर्टाच्या वरच्या खिशात, पेन्शनच्या पासबुकात ठेवली.

मे महिन्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली आणि पळसनाथाचं देऊळ आख्खं उघडं पडलं. एरवी उन्हाळ्यात नुसतं शिखर डोकं काढतं. आम्ही गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. काळ्या दगडाचं देऊळ, आजूबाजूला वीरगळ, आणि फोटो काढणाऱ्या माणसांची ही गर्दी. एकानं भेळेची गाडीसुद्धा आणून लावली होती. मला वाटलं आण्णा गहिवरतील. आण्णांनी आधी देवळाच्या भिंतीवरची पाण्याची खूण बघितली, टाचेनं गाळ उकरून बघितला आणि म्हणाले, "सिल्ट." मी "आह, सिल्ट" म्हणायला हवं होतं, पण सुचलं नाही. मग ते देवळापासून मोजून चाळीस-एक पावलं चालले, उजवीकडं वळून दहा, आणि थांबले. तिथं गाळच होता.

"हितं बाकडं व्हतं," म्हणाले. "नदीकडं तोंड करून."

भेळवाल्यानं विचारलं, "आण्णा, दोन देऊ का?" आण्णा म्हणाले, "दे. ह्यांची पाळी हाय." दोन्हीचे पैसे मी दिले. त्यांच्या पत्रकात माझा गुरुवार अजून बाकी होता.

जुलैअखेर घाटात पाऊस लागला. उजनी उण्यातून बाहेर आली, शिखर परत पाण्यात गेलं, आणि ऑगस्टात शंभरी झाली. त्या दिवशी सकाळी सहाला ग्रुपवर आकडा पडला. मी दूध आणायला निघालो होतो, आण्णांच्या ओट्यावरूनच आवाज ऐकू आला. चष्मा कपाळावर, चकती गुडघ्यावर. त्यांनी पेननं रेघ ओढली, धरणाच्या काठाच्याही किंचित वर, आणि बाकी सगळं निळ्या शाईनं भरून काढलं. त्रिकोण शाईखाली गेला. मग लेकीला फोन लावला. तिकडं रात्रीचा दीड वाजला होता.

"आगं, फोटू पाठवलाय चकतीचा. दारवाल्याला दाव... झोपलीस? बरं, मंग सकाळी दाव. पब कवा उघडतंय?... आकराला? मंग साडेधाला जाऊन बस. दार उघडलं की पयलं पाणी आपलं... आन् आईक, जितकी माणसं आत असतील तितक्यास्नी एक पाळी आपल्याकडनं. सगळ्यास्नी. पैसं मी धाडतो... ते न्हाई, येडे! आपलं. जिंजर बिअर. बिअर! बिअर!"

आतून काकू धावत आल्या आणि त्यांनी फोनवर हात ठेवला.

"अहो, हळू बोला. काकड्याला माणसं आलीयेत."